ऑनर हॅरिंग्टन वाचायला घ्यायची का? लोकांच्या मतांवरून कसं ठरवायचं

मिलिटरी सायफायची, म्हणजे अंतराळातल्या युद्धकथांची, मोठी सिरीज हातात घ्यायची म्हणजे वर्ष-दोन वर्षांचा मामला असतो, त्यामुळे आधी लोक काय म्हणतायत ते बघणं साहजिक आहे, पण बघायला गेलं की एक जण म्हणतो याच्यासारखं काही वाचलंच नाही आणि दुसरा म्हणतो शंभर पानांत पुस्तक मिटलं, आणि दोघंही अगदी खरं बोलत असतात. मग करायचं काय? ऑनर हॅरिंग्टन ही अंतराळातल्या नौदलातली अधिकारी, तिच्यावरच्या या सिरीजचे चौदाही मुख्य भाग मी वाचलेत आणि त्यावरची मतं तर त्याहून जास्त वाचलीत, त्यामुळे ही मतं वाचायची कशी ते सांगते.

आधी माझं काय झालं ते ऐका. रस्त्यावर जुनी पुस्तकं विकतात तिथे मला 'फील्ड ऑफ डिसऑनर' मिळालं, हा चौथा भाग, 1994 चा. कुणीतरी लिहिलेलं मी वाचलं होतं की हा सगळ्यात जबरदस्त भाग आहे, म्हणून लगेच घेतलं. घरी येऊन उघडलं तर सुरुवातीलाच एका कॅप्टनवर कोर्टमार्शल, आणि ज्या लढाईवरून ते चाललंय ती आधीच्या पुस्तकात होऊन गेलेली, आणि त्या माणसाचं आणि ऑनरचं वैर तर पार अकॅडमीतल्या दिवसांपासूनचं. मला काही म्हणजे काही कळेना. शिवाय अंतराळातल्या लढाया बघायला म्हणून आले होते आणि या भागात त्या जवळपास नाहीतच, राजकारण आहे आणि द्वंद्व आहे. पुस्तक पन्नास पानांवर बाजूला पडलं ते दोन वर्षं. नंतर पहिल्या भागापासून वाचत परत तिथे पोचले तेव्हा एका बसणीत संपवलं आणि रात्री झोप लागली नाही. म्हणजे ते मत बरोबरच होतं, पण ते तीन भाग पचवलेल्या माणसाचं होतं आणि मी वाचलं कोरी पाटी असताना.

म्हणून मत वाचताना पहिलं हे शोधायचं की हा माणूस कितव्या भागावरून बोलतोय आणि त्याआधी त्याने काय काय वाचलंय. हे लिहिलेलं नसेल तर ते मत कितीही छान लिहिलेलं असू दे, बाजूला ठेवा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही कारण प्रत्येक भागाचा भात वेगळ्या पातेल्यात शिजलाय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड वेबरची ही सिरीज 1993 मध्ये 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन'पासून सुरू झाली, बेन बुक्स या प्रकाशकाने काढली. शिडाच्या जहाजांच्या काळातल्या ब्रिटिश नौदलावर, होरॅशियो हॉर्नब्लोअरच्या कथा सी. एस. फॉरेस्टर यांनी लिहिल्या होत्या, हे पहिलं पुस्तक त्यांनाच अर्पण केलंय, आणि नायिकेची आद्याक्षरंसुद्धा तीच, एच एच. ऑनरचं राज्य मँटिकोर म्हणजे साधारण इंग्लंड आणि त्याचा शत्रू हेवन म्हणजे फ्रान्स, राज्यक्रांतीसकट, तिसऱ्या भागात क्रांती करणाऱ्या पुढाऱ्याचं नावच रॉब एस. पिएर आहे, जोरात म्हणून बघा म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतला रोबेस्पिएर ऐकू येईल. चौदावा भाग 'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर' 2018 मध्ये आला, आणि मध्ये बाजूच्या पात्रांची पुस्तकं वेगळीच.

आता दुसरी गोष्ट, ही फार कमी लोक लक्षात घेतात. पुढच्या भागांना मिळालेले स्टार बघून हुरळून जाऊ नका. ज्याला पहिला भाग आवडला नाही तो नववा भाग विकत घेऊन त्याला एक स्टार देत बसत नाही ना, तो कधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे नवव्या भागाला स्टार देणारे सगळे आधीपासूनचे भक्त. पहिल्या भागाचे स्टार जास्त खरे, कारण तिथे सगळ्या प्रकारचे लोक आलेले असतात. पण उलटंही लक्षात ठेवा, बाराव्या-तेराव्या भागावर जो माणूस चिडून दोन पानं लिहितो तो पंधरा-वीस वर्षं या सिरीजवर जीव लावून बसलेला असतो, त्याचा राग बारकाईने वाचा, त्यात खूप माहिती असते.

तिसरं, कुणी नावं ठेवली असतील तर नेमकी कशाला ते शोधायचं आणि स्वतःला विचारायचं की मला ते आवडतं की नाही. 'बोअर झालं' हे काही कामाचं नाही. 'शेवटचा पाठलाग रंगात आला असताना लेखक थांबतो आणि हायपरस्पेसमधल्या (प्रकाशापेक्षा वेगाने जायच्या वाटेवरच्या) प्रवासाचा इतिहास पानंच्या पानं सांगत बसतो' हे कामाचं, आणि हे पहिल्या भागात खरंच आहे, त्याबद्दल इतक्या लोकांनी कपाळाला हात लावलाय की बस. मी स्वतः पहिल्यांदा ती पानं उलटून पुढे गेले आणि दुसऱ्या वाचनात मात्र चवीने वाचली. तुम्हाला टाइमटेबल, नकाशे, इंजिनाचे आकडे वाचायला आवडत असतील तर ज्या मतात 'आकडेच आकडे' अशी तक्रार आहे ते मत तुमच्यासाठी शिफारसपत्र आहे. इथे क्षेपणास्त्राचा वेग, अंतर, वेळ सगळं दशांशापर्यंत सांगतात.

आणि त्या आकड्यांमागे एक मस्त कल्पना आहे म्हणून जरा थांबते. या जहाजांच्या वर आणि खाली गुरुत्वाकर्षणाचा एकेक पट्टा असतो, त्यातून काहीही आरपार जात नाही. दोन्ही बाजूंना त्यामानाने कमजोर भिंत, आणि पुढे-मागे, निदान सुरुवातीच्या भागांत, चक्क उघडं. म्हणजे तोफा बाजूला, मर्म पुढे आणि मागे, आणि सगळी लढाई ही की शत्रूच्या तोंडासमोर किंवा पाठीमागे आपली बाजू कशी आणायची. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल वाचलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल, त्यांच्या गुराबा (लढाऊ जहाजं) मोठ्या युरोपियन जहाजाच्या बाजूला जायचं टाळायच्या कारण तिथे तोफांची रांग, त्या पिछाडीला राहून नाळेवरच्या, म्हणजे आपल्या पुढच्या टोकाच्या, तोफांनी मारायच्या. ज्याला हे डोक्यात घोळवत बसायला आवडतं त्याने लोकांच्या तक्रारी बिनधास्त दुर्लक्षित कराव्यात.

पुढे पुढे मात्र क्षेपणास्त्रांची संख्या वाढत जाते, सुरुवातीला एका वेळी मोजकी सुटतात ती नंतर हजारोंनी, आणि 'लढाई म्हणजे आता नुसता हिशोब झालाय' ही तक्रार साधारण दहाव्या-अकराव्या भागापासून दिसायला लागते. ती मला पटते. सहाव्या भागापर्यंत एकेक जहाज, त्यातली माणसं, कोण कुठल्या खुर्चीत बसलंय हे माहीत असतं आणि म्हणून कुणी गेलं की लागतं.

दुसरी मोठी तक्रार मीटिंगांची. चार अॅडमिरल बसलेत, कॉफी आलीय (ऑनर मात्र कोको घेते), आणि जे आपल्याला आधीच माहीत आहे त्याची चर्चा. शेवटच्या भागांत हे गुऱ्हाळ फारच वाढतं, आणि एकच घटना दोन-तीन पुस्तकांत वेगवेगळ्या बाजूंनी परत येते. याचं एक कारण असंही की तेरावा भाग 'अ रायझिंग थंडर' आणि त्याच्या पुढच्या वर्षी, 2013 मध्ये आलेलं बाजूच्या पात्रांचं 'शॅडो ऑफ फ्रीडम' हे आधी एकच हस्तलिखित होतं, फार मोठं झालं म्हणून तोडलं. हे माहीत असलं की 'या भागाला शेवटच नाही' असं म्हणणारा वाचक उगाच कुरकुरत नाहीये हे कळतं.

तिसरी तक्रार, ऑनर फारच परिपूर्ण आहे, तिला सगळं येतं. याला मी अर्धंच मान देते, कारण तिला किंमत मोजावी लागते आणि ती शरीराने आणि मनाने दोन्हीकडून मोजावी लागते, कशी ते फोडत नाही. पण तिच्या विरोधात जो जातो तो हटकून मूर्ख किंवा नीच निघतो, हे सुरुवातीच्या भागांत आहेच. राजकारणाबद्दलचं मतही तपासून घ्या, हेवनमध्ये बसून खाणाऱ्या जनतेला पोसायला सरकार शेजारचे ग्रह जिंकत सुटतं असं चित्र आहे आणि बऱ्याच वाचकांना ते खटकतं, मलाही खटकलं, पण तिथेच वाचन सोडलेल्यांना पुढे हेवनच्या बाजूची किती चांगली माणसं भेटतात ते कळलंच नाही, आणि माझ्या मते ती माणसं ही सिरीजची खरी कमाई आहे.

आता सगळ्यात जास्त वादाचा मुद्दा, थांबायचं कुठे. बरेच जुने वाचक सांगतात की अकराव्या भागापर्यंत, म्हणजे 2005 च्या 'अॅट ऑल कॉस्ट्स'पर्यंत वाचा आणि बंद करा. यामागे एक गोष्ट आहे, आणि पुढच्या पुस्तकांच्या नावातच ऑनर असल्यामुळे ती सांगून काही फुटत नाही. वेबरने स्वतः सांगितलंय की मूळ बेतात ऑनर या भागातल्या मोठ्या लढाईत मरणार होती, 1805 मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश अॅडमिरल नेल्सन गेला तसं, मग मध्ये बरीच वर्षं सोडून पुढच्या पिढीची कथा येणार होती. पण एरिक फ्लिंट या दुसऱ्या लेखकाबरोबर लिहिलेल्या बाजूच्या पुस्तकासाठी पुढच्या काळातला शत्रू आधीच आणावा लागला, सगळं वेळापत्रक पुढे सरकलं आणि ऑनर वाचली. त्यामुळे बाराव्या भागापासून जो सांधा जाणवतो तो खरा आहे. 'ती मरायला हवी होती' असं लिहिणाऱ्या माणसावर मी आधी चिडायचे, आता चिडत नाही, त्याला कथेचा मूळ आकार दिसलाय. तरी मी स्वतः शेवटपर्यंत वाचलं आणि परत वाचायला बसले तरी शेवटपर्यंतच जाईन, तिला सोडवत नाही.

वाचकांच्या मतांना कमीही लेखू नका. जहाजांचं वजन आणि लांबी-रुंदी पुस्तकात दिलेली होती, ते बघून काही जणांनी घनता काढली तर ती पाण्यापेक्षा कितीतरी विरळ निघाली, म्हणजे एवढं चिलखत घातलेली युद्धनौका आणि आत हवाच. मग पुढे मापं सुधारून जहाजं लहान केली, चाहते त्याला 'द ग्रेट रीसायझिंग' म्हणतात. कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलं म्हणून हे झालं, मला याचं फार कौतुक वाटतं.

ठरवायची पद्धत म्हणाल तर पहिल्या भागाची तीन-चार चांगली आणि तीन-चार वाईट मतं वाचा, भागाचा नंबर आणि नेमकं कारण दिलेलीच, आणि मग तो भाग स्वतः वाचा. बेनने तो बरीच वर्षं मोफत ठेवलाय, त्यामुळे खिशाला चाट नाही. काही जण सांगतात थेट दुसऱ्यापासून सुरू करा कारण तो जास्त वेगवान आहे, ते चालेल, ग्रेसन ग्रहाची ती गोष्ट स्वतंत्र उभी राहते. तिसऱ्यापासून पुढे मात्र क्रम मोडू नका. आणि आठव्याच्या पुढच्या कुठल्याही भागाचं मत, तिथवर पोचल्याशिवाय उघडूच नका, लोक पहिल्याच ओळीत कोण मेलं ते लिहून टाकतात.

आणि वाचून झालं की स्वतःही लिहा, मराठीत लिहा, आपल्याकडे या प्रकारच्या पुस्तकांवर मराठीत फार थोडं सापडतं. सुरुवातीलाच भाग कितवा आणि तुम्ही आधी काय वाचलंय ते सांगा, मग तुम्ही कुठे थांबलात, कुठे पानं उलटलीत, कुठे पुस्तक खाली ठेववेना, ते लिहा. मेलेल्याचं नाव लिहू नका. कुणासाठी हे पुस्तक आहे आणि कुणासाठी नाही ते एका वाक्यात सांगितलंत तर पुढच्याचे पैसे वाचतील. माझं चौथ्या भागावरचं मत मी असं लिहिलंय: 'भाग चौथा, आधीचे तिन्ही वाचून मगच. लढाया शोधत असाल तर हात रिकामे राहतील. पण चांगल्या माणसाला राग येतो तेव्हा काय होतं ते बघायचं असेल तर रविवार मोकळा ठेवा, शेवटची साठ पानं उठू देत नाहीत.'