जुन्या गाडीच्या दाराचा स्विच दुरुस्त करताय? या चुका टाळा

शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेत नाही, की आपण पहिलं खापर बॅटरीवर फोडतो. गाडी मारुती ८००, झेन किंवा त्याच काळातली असेल तर आधी दाराच्या चौकटीतलं छोटं बटण पाहा. दार लावल्यावर ते पूर्ण आत दाबलं जात नसेल, तर छतातला दिवा रात्रंदिवस जळत राहतो. १० वॅटचा बल्ब साधारण ०.८ अँपिअर करंट खातो. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून एका दिवसात निम्म्याहून जास्त चार्ज जातो, आणि थकलेली बॅटरी तेवढ्यात बसते. नवी बॅटरी टाकूनही दोन दिवसांनी तेच होतं.

मग माणूस स्विच उघडून घासायला बसतो, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. उलट दिवा लागतच नसेल, तर दोष खूपदा स्विचच्या आत नसतोच, तो स्विच जिथे बसतो त्या पत्र्यात असतो.

या स्विचला एकच वायर येते. फ्यूजमधून निघालेला करंट आधी बल्बमध्ये जातो, तिथून वायरने स्विचपर्यंत येतो. दार उघडलं की स्प्रिंगने बटण बाहेर येतं आणि ती वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. बॉडीशी हा संबंध येतो स्विचच्या धातूच्या पट्टीतून आणि त्या एका स्क्रूमधून. स्क्रू गंजला किंवा त्याच्याखाली रंग चढला, की आतले कॉन्टॅक्ट कितीही लखलखीत असोत, दिवा लागत नाही. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या गाडीत दिवा बंद पडला तर मी सरळ स्क्रूखालचा रंगच खरवडायला सांगेन. पेंटर स्विच काढून रंग मारतो आणि रंगावरच परत बसवतो. स्क्रू टेकतो तेवढी जागा चकचकीत करा, गंजका स्क्रू बदला, वर व्हॅसलिनचं बोट फिरवा.

स्विच काढताना एक चूक फार महागात पडते, ती म्हणजे वायर मोकळी सोडणं. लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड, निसटला की वायर सरळ दाराच्या चौकटीतल्या खांबाच्या पोकळीत जाते. मग लोक चुंबक घेऊन येतात, पण तांबं आणि पितळ चुंबकाला दाद देत नाहीत. आतलं पॅनल उघडून आकड्याने वायर ओढायची म्हणजे अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा लग काढण्याआधीच वायरला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा.

वायर हातात आली की चाचणी सोपी आहे. छतातल्या दिव्याचं बटण ‘दार’ या खुणेवर ठेवा, बाकीची दारं बंद ठेवा. वायर हवेत धरूनही दिवा जळत असेल तर ती वाटेत कुठेतरी पत्र्याला चिकटलीय, किंवा दुसऱ्या दाराचा स्विच अडकलाय. सगळे स्विच समांतर जोडलेले असतात. हवेत विझतो आणि वायर पत्र्याला टेकवली की पेटतो, तर बल्ब, फ्यूज, वायर सगळं ठीक; दोष स्विचचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. मात्र स्विचला दोन वायर असतील तर हा प्रयोग करू नका. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह बाजूला असतो, तिथे वायर टेकवली की फ्यूज उडतो.

मल्टिमीटरच्या ‘बीप’वरही विसंबू नका. पुष्कळ मीटर २०-३० ओहमलाही बीप देतात, आणि १० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध जेमतेम १४ ओहम असतो. म्हणजे मीटर ‘पास’ म्हणतो आणि दिवा मिणमिणतो. दार उघडं ठेवून, दिवा लावून, स्विचच्या लगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य आलं पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर कॉन्टॅक्ट नाहीतर अर्थिंग खराब आहे. एलईडी बल्ब लावलेल्यांसाठी आणखी एक: दार बंद असूनही एलईडी मंद तेवत असेल, तर स्विचमधल्या ओलसर मळातून करंट झिरपतोय. साध्या बल्बला एवढा करंट पुरत नाही, म्हणून तो हा दोष दाखवतच नाही.

आता घासण्याबद्दल. ८० नंबरचा पॉलिश पेपर किंवा कानस लावली की कॉन्टॅक्टवरचा पातळ मुलामा जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात कॉन्टॅक्ट पुन्हा काळा पडतो. ६०० किंवा त्याहून बारीक पेपर, नाहीतर खोडरबर पुरे. पेट्रोलने धुवायची सवय तर सोडाच. कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, शिवाय बटणावरचं रबर फुगतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. साधा डब्ल्यूडी-४० गंजका स्क्रू सोडवायला उत्तम, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो. चाकाचं ग्रीसही आत भरू नका, ते कालांतराने घट्ट होऊन बटणच अडकवतं. रबर फाटलेलं असेल तर ते बदला, विशेषतः कोकणात.

कॉन्टॅक्ट स्वच्छ, अर्थिंग चोख, तरी दिवा विझत नाही? मग बटणाचं प्लॅस्टिकचं टोक झिजलंय किंवा दार खाली बसलंय. लोक दारावर एम-सीलचा डोंगर करतात, नाहीतर नाणं चिकटवतात. त्याआधी उघडं दार टोकाला धरून वर उचला. खटखट हललं तर बिजागरीची पिन गेलीय, आणि ती न बदलता केलेला कुठलाही उपाय टिकणार नाही. बिजागरी ठीक असेल तर बटणावर कणकेची छोटी गोळी ठेवून दार लावा. गोळी जेवढी जाड उरली, तेवढी फट. फट दोन-तीन मिलिमीटर असेल तर बटणावर रबरी टोपी बसवणं मला मान्य आहे; पाच-सहा असेल तर स्विच नवाच घ्या. जाताना जुना सोबत न्या, कारण बटणाची लांबी मॉडेलप्रमाणे वेगळी असते.

पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉक दार ठरावीक कोनात उघडल्यावरच चालत असेल, तर स्विचला हात लावू नका. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर आतून तुटलीय. तिथेच पीळ देऊन टेप गुंडाळली तर महिन्याभरात पुन्हा तुटेल. सोल्डर मारला तरी सांधा कडक होतो आणि वायर त्याच्या शेजारी तुटते. मऊ, बारीक तारांच्या वायरचा लांब तुकडा टाका आणि दोन्ही सांधे नळीच्या बाहेर ठेवा, एक दारात आणि एक खांबात.