आदिवासी बोली वहीत कशी उतरवायची

मी मेळघाटात धारणीकडे झेडपी शाळेवर आहे, पहिलीतले पोट्टे घरी कोरकूच बोलतात आणि शाळेत एकदम मराठी पुस्तक समोर येतं, मग गप्प बसतात बिचारे. तुमच्याकडेही असंच असेल तर त्यांचे शब्द, गोष्टी लिहून काढा, वाचायला लगेच गोडी लागते.

सुरुवातीला जेम्स इव्हान्सचं काम समजून घ्या. हा मेथडिस्ट मिशनरी 1840 मध्ये कॅनडात नॉर्वे हाऊसला क्री आदिवासींकडे गेला. त्यांच्या बोलीच्या लिपीसाठी त्यानं 9 आकार घेतले आणि स्वर बदलला की तोच आकार फिरवायचा, म्हणजे 'प'च्या आकाराचं टोक वर केलं की पि, खाली पे, उजवीकडे पो, डावीकडे पा, बस. आपल्या देवनागरीवरूनही त्याला हे सुचलं असं अभ्यासक मानतात, मला तर वाचून लय आनंद झाला. छापायला काही नव्हतं तर चहाच्या खोक्यांतलं शिसं वितळवून छपाईच्या अक्षरांचे खिळे ओतले, काजळी आणि माशाच्या तेलाची शाई केली. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो तिथल्याच ओजिब्वे आदिवासींत राहून त्यांची बोली शिकला होता, ते विसरू नका.

म्हणून पहिल्या दिवशी वही नेऊच नका. मोहफुलं वाळत घालणाऱ्या आजीजवळ बसा, हाताला काम लावा, ऐका. नंतर विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरी देवनागरीत जसं ऐकू आलं तसंच लिहा, मराठी वळण देऊ नका. मी पाण्याला 'दा' लिहून आणलं होतं, आजीनं वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली, "डा, गुरुजी, डा", जीभ कुठं टेकते ते तोंड उघडून दाखवलं. तेव्हापासून लिहिलेलं प्रत्येक पान परत त्यांनाच वाचून दाखवतो, दोघातिघांना, कारण गावागणिक शब्द बदलतो.

मग मोठ्या अक्षरात एका कागदावर एकच गोष्ट काढा, चित्र पोट्ट्यांकडून. इव्हान्सचं नाव सगळीकडे येतं, पण बायबलच्या क्री भाषांतरासाठी हेन्री स्टाईनहावर हा ओजिब्वे माणूस आणि आईकडून क्री असलेली सोफिया मेसन राबले, आणि क्री लोक तर सांगतात की लिपी त्यांच्याच कॉलिंग बॅजर या माणसाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. त्यामुळे गोष्ट जिनं सांगितली तिला विचारून तिचं नाव कागदावर वरती लिहा, तुमचं खाली, आणि पहिली कॉपी तिच्या घरी नेऊन द्या.