थंडीत गाय व्यायच्या आधी गोठ्यात काय काय पाहिजे

थर्मामीटर. बाकीचं मागनं वाचा, आधी तो आणा.

गेल्या जानेवारीत आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय पहाटे तीनला व्याली. बारदानं, टिंक्चर, बाटली सगळं मांडून बसलो होतो. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, काढला आणि कालवड धडपडत उठेपर्यंत तो तासभर स्टीलच्या बादलीत तसाच राहिला. बोट बुडवून बघितलं तर गरम लागला, म्हणून पाजला. पंचगंगा नदीकडनं येणाऱ्या वाऱ्यात उभं राहून माझी बोटंच बधिर झाली होती, हे डोक्यातच आलं नाही. गारठलेल्या बोटाला निवलेलं दूधसुद्धा कढत लागतं. पोरगी पिऊन झाल्यावर थरथर कापायला लागली. तिसऱ्या दिवशी हगवण, मग सलाईन, आणि महिनाभर अंगाला काही लागलं नाही.

तर चीक पाजताना 39 अंश पाहिजे, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 102. माणसाचा ताप बघायचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. दोन घ्या, एक दुधाला, एक वासराच्या शेपटीखाली. अदलाबदल करू नका, वेगळ्या रंगाचा दोरा बांधा.

चीक निवला तर थेट गॅसवर ठेवायचा नाही. मी ठेवला होता, पातेल्यात खरवस झाला. घरच्यांनी खाल्ला, वासरू उपाशी. पातेलं गरम पाण्याच्या टोपात ठेवायचं, पाण्यात हात जेमतेम टिकेल एवढंच गरम, आणि ढवळत राहायचं. मग थर्मामीटर. बाटलीसुद्धा आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, नाहीतर गार बाटली सगळी ऊब खाते. बाटलीत ओतल्यावर परत थर्मामीटर. हो, परत.

किती पाजायचा? वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा पहिल्या 24 तासांत. 30 किलोचं वासरू असेल तर 3 लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत गेलाच पाहिजे. चिकातली रोगाशी लढायची ताकद आतड्यातनं रक्तात जाते ती सुरुवातीच्या तासांतच. दिवस उलटला की ती वाट बंद होते. "जार (वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही" असं म्हातारी माणसं सांगतात. त्यांच्यापुढं मान डोलवा आणि चीक काढा.

निपलची बाटली, वासराची मान थोडी वर. तोंडात नळी घालून ओतणाऱ्यांनो, दूध फुप्फुसात जाऊ शकतं, न्यूमोनिया होतो. चोखत नसेल तर तोंडात बोट घालून बघा. जीभ गार लागली, तर आधी वासरू गरम करा, मग पाजा. इथंही बोटावर विसंबायचं नाही, शेपटीखाली थर्मामीटर. 38 च्या खाली असेल तर पाजायची घाई नको, चोळा, पांघरूण घाला, डॉक्टरांना फोन करा.

अंग कोरडं करणं सगळ्यांना माहीत आहे. गाय चाटते, तरी बारदानानं खसाखसा पुसाच, ओलं वासरू ऊब धरत नाही. खाली भाताचं पिंजर (वाळलेला पेंढा) जाड टाका, बसल्यावर पाय दिसायचे नाहीत एवढं. उसाचा पाला टाकलात तर कोरडा बघून टाका, दव पडलेला नको. वारा अडवायला ताडपत्री, पण वर फट ठेवा, मुताचा वास डोळ्यांत जाता कामा नये. शेकोटी गोठ्यात नको, पिंजर आहे, कळतंय ना? बेंबीला टिंक्चर आयोडिन.

पुढचे दिवस: थंडीत ऊब धरायलाच दूध खर्ची पडतं, म्हणून दोनऐवजी तीन वेळा पाजा, तिसरी वेळ रात्री झोपायच्या आधी. प्रत्येक वेळी 39. प्यायला पाणी कोमट. आठवड्यानं चिमूटभर काफ स्टार्टर (वासरांचं खाद्य). जंताचं औषध डॉक्टरांना विचारून. बाटली, निपल धुवा.

आणि थर्मामीटर खुंटीला अडकवून ठेवा, घरातल्या कपाटात नको. सेल चालतोय का बघितलं? आत्ता बघा, पहाटे तीनला नाही.