लाईनवर सेल्स करायलाय? मग आधी वार आणि डायरी सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात किराणा मालाची लाईन करणाऱ्या, म्हणजे ठरलेल्या वारी गावोगावच्या दुकानांत फिरून ऑर्डर घेणाऱ्या नव्या पोरांसाठी लिहायलोय. पहिलं म्हणजे ठरलेला वार मोडायचा नाही, मंगळवारी खानापूर म्हटलं की मंगळवारी खानापूरच, कितीबी पाऊस असू दे, कारण दुकानदार तुमच्या वाराच्या हिशोबानं माल संपवतो आणि तुम्ही आला नाही की तो बेळगावात रविवार पेठेत जाऊन होलसेलनं उचलतो, मग पुढच्या खेपेला तुमची ऑर्डर निम्मी.

दुकानात शिरल्या शिरल्या ऑर्डर मागू नका. आधी रॅक बघा, जुनी बॅच पुढं ओढा, नवी मागं लावा, एक्स्पायरी जवळ आलेला माल स्वतःहून दाखवा आणि तिथंच डायरीत लिहून घ्या. बऱ्याच पोरांना हे नको वाटतं, रिटर्न (दुकानातनं परत येणारा माल) वाढलं की साहेब ओरडतात म्हणून. पण खरं सांगतो, दुकानदाराचा विश्वास इथंच बसतो.

स्कीम पूर्ण सांगा. १० पेट्यांवर १ फ्री असली तरी त्याचा खप ४ पेट्यांचा असेल तर ४च लिहा, महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल डंप करू नका. कन्नड दुकानदाराशी जमेल तेवढं कन्नडच बोला, रेट मात्र सगळ्यांना एकच.

वसुली घेतली की लगेच पावती फाडा, ते पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, चहापुरतेसुद्धा त्यातले काढू नका. यूपीआय असेल तर फर्मच्या क्यूआरवरच घ्या, आणि रात्री हिशोब जुळवल्याशिवाय जेवायला बसू नका.