झाडपाल्याच्या ज्ञानाची नोंद कशी करावी

राधानगरी, गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवरील जाणत्यांकडून झाडपाल्याची माहिती लिहून घ्यायची असेल, तर वही उघडण्याआधी संमती घ्यावी. मेक्सिकोतील चियापास प्रांतात माया या तेथील आदिवासी लोकांच्या औषधी वनस्पतींवर अमेरिकी सरकारच्या निधीतून १९९८ मध्ये मोठा प्रकल्प सुरू झाला होता. संशोधकांनी गावोगावी संमती घेतली होती. परंतु साऱ्या समाजाच्या सामाईक ज्ञानाला होकार देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर पारंपरिक वैद्य आणि सुइणींच्या संघटनेने विरोध केला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. माझ्या मते तो विरोध रास्त होता. म्हणून एकट्या आजोबांचा होकार पुरेसा मानू नये. माहिती कोठे जाणार, कोण वाचणार आणि त्यातून कोणी औषध विकले तर वाडीला काय मिळणार, हे वाडीतील थोरांसमोर त्यांच्याच बोलीत सांगावे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवावे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही तिच्याकडेच असते.

माहिती घरात बसून न विचारता झाडापाशी जाऊन विचारावी. मुरुडशेंगेचे दोरीसारखे पीळ पडलेले फळ हातात घेतले की नाव, पोटातल्या मुरड्यावरचा उपयोग आणि बाळगुटीत ते किती उगाळायचे, हे सारे ओघानेच सांगितले जाते. बोलीतले नाव जसेच्या तसे लिहावे, कारण शंखपुष्पीसारखे एकच नाव निरनिराळ्या वनस्पतींना लावले जाते. औषध उष्ण की थंड, हेही विचारावे. चियापासच्या डोंगराळ भागातील माया लोकही आजारांकडे आणि औषधांकडे याच भेदाने पाहतात.

फुलाफळांसह छोटी फांदी टिपकागदात दाबावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद रोज बदलावेत, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. शास्त्रीय नावासाठी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारणा करावी.

दुर्मीळ झाडाची नेमकी जागा मात्र कोठेही छापू नये. कर्करोगावरील औषधांसाठी लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनपायी सह्याद्रीत नरक्या या झाडाची बेसुमार तोड झाली आहे.

लिहिलेले सारे शेवटी सांगणाऱ्याला वाचून दाखवावे, तो नको म्हणेल ती ओळ त्याच्यासमोर खोडावी आणि वहीची एक प्रत वाडीवर ठेवावी.