टॉल्किनवरची क्रिप्टिक शब्दकोडी: या चुका टाळा

टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ज्यांना तोंडपाठ आहे, तेच या विषयावरच्या इंग्रजी क्रिप्टिक कोड्यांत (उत्तराच्या अर्थासोबत अक्षरांचा खेळ असलेल्या कोड्यांत) जास्त अडकतात. कारण सूत्र, म्हणजे उत्तराचा इशारा, दिसलं की ते कथेत शिरतात.

समजा, सूत्र आहे ‘डार्क लॉर्ड इन डायनोसॉर ऑन डिस्प्ले’ (६). चाहत्याला लगेच नाझगूलांची, म्हणजे कथेतल्या काळ्या स्वारांची, उडती जनावरं आठवतात. डायनोसॉरचा इथे काडीचा संबंध नाही. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, जवळजवळ नेहमी सूत्राच्या एका टोकाला असते: सुरुवातीला किंवा शेवटी. इथे ती ‘डार्क लॉर्ड’. ‘इन’ म्हणजे उत्तर पुढच्या शब्दांच्या पोटात दडलंय. ‘डायनो’ आणि ‘डिस्प्ले’ झाकून मधलं सलग वाचा: सॉर-ऑन, म्हणजे कथेतला खलनायक सॉरॉन. स्पेलिंगसुद्धा जसंच्या तसं!

दुसरं, ‘रिंगबेअरर, ड्रंक फॉर डू’ (५). बिलबोच्या वाढदिवसाला कोण किती प्यायलं हे शोधत बसू नका. ‘ड्रंक’, ‘ब्रोकन’, ‘वाइल्ड’ असे शब्द बहुधा शेजारची अक्षरं पिसायला सांगतात. ‘फॉर डू’ची पाच अक्षरं पिसा, फ्रोडो मिळतो. (मराठी कोड्यांची सवय असलेल्यांनी जरा जपून: आपल्याकडे फ्रोडो दोन घरांत बसतो, इथे कंसातला आकडा इंग्रजी अक्षरांचा.)

सगळ्यात वाईट घोळ नावांचा. ‘गोंडोरचा राजा’ (७) दिसलं की अ‍ॅरागॉर्न लिहून मोकळं व्हायचं, आणि मग उभे शब्द एकही जुळत नाहीत. अ‍ॅरागॉर्न, स्ट्रायडर, एलेसार, तिन्ही नावं त्याचीच आणि इंग्रजीत तिन्ही सात अक्षरी. जादूगार गॅन्डाल्फचंही तेच, त्याचं दुसरं नाव ‘थार्कून’ही सातच. म्हणून नुसत्या व्याख्येवर पेन उचलू नका. सूत्राचा उरलेला भाग त्याच नावाकडे नेतो का, हे पाहा. नाहीतर आडव्या-उभ्याची दोन अक्षरं हाती येईपर्यंत थांबा. इंग्रजी नावांतल्या अक्षरांवरच्या खुणा (उदा. Tharkûn मधल्या u वरची) चौकटीत लिहायच्या नसतात.

एखादं घर कमी-जास्त पडत असेल तर लेखक कोण ते बघा. बुटक्यांसाठी टॉल्किन ‘ड्वार्व्ह्ज’ लिहितो, सात अक्षरं. नार्निया आणि डिस्कवर्ल्ड या इतर लेखकांच्या पुस्तकमालांमध्ये मात्र ‘ड्वार्फ्स’, सहा.