सौम्य हवेसाठी परदेशी राहायला जाताय? या चुका टाळा

कडाक्याची थंडी नको आणि अंगाची लाही करणारा उन्हाळाही नको, अशी जागा शोधणारे लोक मला वारंवार सल्ला विचारतात. बहुतेकांनी शहर आधीच ठरवलेलं असतं. कुणी व्हिडिओ पाहून, कुणी ‘सर्वोत्तम हवेची दहा शहरं’ अशी यादी वाचून, तर कुणी वसंतात आठवडाभर भटकून आल्यावर. त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही, कारण याच घाईपायी हौसेने गेलेली माणसं वर्षभरात बिऱ्हाड गुंडाळून परतलेली मी पाहिली आहेत. तेव्हा ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतात, त्या इथे एकदाच लिहून ठेवते.

वार्षिक सरासरीवर विसंबणं

बीजिंगचं वार्षिक सरासरी तापमान साधारण 13 अंश सेल्सिअस आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोचं 14च्या आसपास. नुसत्या या आकड्यांवरून दोन्हीकडची हवा सारखीच वाटेल. प्रत्यक्षात बीजिंगची जानेवारीची सरासरी शून्याच्या खाली जाते आणि जुलैची 27च्या घरात पोहोचते. सॅन फ्रान्सिस्कोत सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार महिन्यांत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक असतो.

मी वार्षिक सरासरीकडे बघतच नाही. बाराही महिन्यांचं सरासरी कमाल आणि किमान तापमान, पावसाचे दिवस, उन्हाचे तास आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान) एवढं कागदावर उतरवते आणि त्यातला सर्वांत वाईट महिना शोधते. तो महिना सोसवणार असेल तरच पुढचा विचार. दवबिंदूचा रकाना लोक हमखास सोडून देतात. सापेक्ष आर्द्रता दिवसभरात वरखाली होते, त्यामुळे तिच्यावरून अंदाज चुकतो. दवबिंदू मात्र हवेत खरोखर किती बाष्प आहे ते सांगतो. 28 अंशांच्या दुपारी दवबिंदू 14-15 असेल तर सावलीत छान वाटतं. तोच 24 असेल तर घाम वाळत नाही आणि रात्रीही जीव हैराण होतो.

घर न बघता फक्त हवा बघणं

ही चूक सर्वांत महागात पडते आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. जिथे हिवाळा कडक असतो तिथली घरं थंडीसाठी बांधलेली असतात: जाड भिंती, दुहेरी काचा, घरभर उष्णता पुरवणारी यंत्रणा. जिथे हिवाळा सौम्य, तिथे एवढा खर्च कोण करणार? पोर्तुगालमध्ये इमारतींच्या उष्णतारोधनाचा पहिला नियम 1990 मध्ये आला. त्याआधीची असंख्य घरं नुसत्या दगडाविटांची आहेत. न्यूझीलंडमध्येही भाड्याची घरं इतकी गार असायची की दिवाणखाना किमान 18 अंशांपर्यंत तापवता आला पाहिजे, अशी घरमालकांवर सक्ती करणारी मानकं 2019 मध्ये लागू करावी लागली. 18 हाच आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेही थंडीतल्या घरांसाठी सुचवलेला आहे.

माझ्या ओळखीचं एक जोडपं पोर्तुगालमधल्या पोर्तोला राहायला गेलं. नवऱ्याचे सांधे थंडीत आखडायचे, म्हणून हा सगळा खटाटोप. ते मे महिन्यात घर बघायला गेले. नदीजवळच्या गल्लीत तळमजल्यावरचं दगडी घर, आत गारवा, बाहेर लख्ख ऊन. दाखवणाऱ्याने सांगितलं की उन्हाळ्यात इथे पंखाही लागत नाही. ते खरंच होतं. वर्षभराचा करार त्याच आठवड्यात झाला. दोन्ही झोपायच्या खोल्या उत्तरेकडे होत्या आणि समोर उंच भिंत होती, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पोर्तोमध्ये वर्षभरात लंडनच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा हिवाळी महिन्यांत. डिसेंबरात बाईंचा फोन आला, आवाजात रडवेपणा होता. जानेवारीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दुपारी बाहेर 15 अंश होते आणि दिवाणखान्यात 13. दोघं कोट घालून बाहेरच्या बाकावर उन्हात बसले होते, कारण घरापेक्षा तिथे ऊब होती. कपाट भिंतीपासून ओढलं तर पाठीमागे छतापर्यंत काळी बुरशी चढलेली. खालच्या कप्प्यातल्या चामड्याच्या बुटांवर हिरवट लव आली होती. उशीचा अभ्रा हाताला ओलसर लागत होता. एक छोटा विजेचा हीटर दिवसभर चालू असायचा, त्याने हवा तापायची पण भिंती गारच राहायच्या.

यामागचं कारण साधं आहे. खोली 18 अंशांवर असेल आणि आर्द्रता 75 टक्के असेल, तर दवबिंदू साडेतेराच्या आसपास येतो. भिंतीचा पृष्ठभाग त्याहून गार झाला की तिथे पाणी धरतं. बुरशीला तर थेंबसुद्धा लागत नाहीत. भिंतीलगतची हवा 80 टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली तरी तेवढं पुरतं. त्यात आंघोळ, स्वयंपाक आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांचं बाष्प भरीला. त्यांना तर कुणी तरी ‘थंडी आहे, खिडक्या बंद ठेवा’ असं सांगितलं होतं, त्यामुळे ओल बाहेर जायची वाटही बंद झाली.

आम्ही आधी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायला सुरुवात केली, हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. बराच फरक पडला, पण घर मुळातच चुकीचं होतं. करार संपल्यावर ते त्याच शहरात दुसऱ्या मजल्यावर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या, दुहेरी काचांच्या घरात गेले. तिथे ते आजही आनंदात आहेत. शहर तेच, पाऊस तोच. मे महिन्यातल्या त्या आठवड्यात थोडा धीर धरला असता तर त्या माणसाचे सांधे एक अख्खा हिवाळा ठणकले नसते.

म्हणून घर बघायला जाताना माझ्या पिशवीत मुठीएवढा आर्द्रतामापक असतोच. आत शिरले की तो टेबलावर ठेवते आणि तेवढ्या वेळात कपाटांची दारं उघडून वास घेते. ताजा रंग फक्त कोपऱ्यांत आणि खिडकीखाली दिसला तर त्याखाली काय लपवलंय ते विचारते. खोलीची दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघते. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं ऊन हवं आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेचं. हिवाळ्यातलं विजेचं बिल मागते. ते दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर ते घर मी सोडून देते.

‘चिरंतन वसंत’ ऐकून उंची विसरणं

कोलंबियातलं मेडेयिन, चीनमधलं कुन्मिंग, इक्वेडोरमधलं क्वेंका, अशा शहरांना वसंताचं बिरुद लावलेलं असतं आणि त्यात तथ्य आहे. उष्ण कटिबंधात किंवा त्याच्या आसपास उंचावर गेलं की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं आणि वर्षभर हवा सारखी राहते. पण या नावाखाली फार वेगवेगळी ठिकाणं एकत्र कोंबली जातात. मेडेयिन सुमारे 1500 मीटरवर आहे, कुन्मिंग 1900च्या आसपास, तर क्वेंका 2500 मीटरच्या वर. मेडेयिनची संध्याकाळ पातळ सदऱ्यात निघते. क्वेंकामध्ये रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि बहुतेक घरांत ऊब देणारी सोय नसते. वर्षभर फरक नाही याचा अर्थ ती गार रात्रही वर्षभर आहे.

अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. तरण्याताठ्या माणसालाही पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते, झोप तुटक होते. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटही काढू नये, असं माझं ठाम मत आहे. सौम्य हवा शोधणाऱ्यांत वयस्कर माणसंच जास्त असतात, आणि यादी बनवणारे नेमकं हेच लिहीत नाहीत. शिवाय दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार लागते म्हणून कुणी टोपी घालत नाही आणि दुपारभरात चेहरा भाजून निघतो.

दरीतल्या शहरांचा आणखी एक त्रास असतो. मेडेयिनमध्ये विशेषतः मार्च-एप्रिलच्या सुमारास वरची उबदार हवा खालच्या हवेवर झाकणासारखी बसते आणि धूर दरीतच कोंडतो. थायलंडमधल्या चिआंग माईची गोष्टही धुराचीच. नोव्हेंबर ते जानेवारी तिथली हवा अप्रतिम असते, म्हणून लोक तेव्हाच जातात आणि भुलतात. साधारण फेब्रुवारीपासून शेतं आणि जंगलं पेटवली जातात, आणि एप्रिलपर्यंत समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. तापमानाच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. हवेच्या गुणवत्तेचे महिनावार आकडे वेगळे काढावे लागतात, आणि तेवढे कष्ट घ्यायला हवेतच.

एका बेटाला एकच हवा आहे असं समजणं

स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या तेनेरीफचं उदाहरण घ्या. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे 3700 मीटरहून उंच तेइदे पर्वताला अडतात, त्यामुळे उत्तर उतारावर ढग साचतात आणि दक्षिण किनारा कोरडा, उन्हाचा राहतो. उत्तरेतलं ला लागूना साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथे हिवाळ्यात अंगावर जाड कपडे लागतात. गाडीने तासाभरात दक्षिणेला पोहोचा, लोक समुद्रात पोहत असतात. 1977 मध्ये दोन महाकाय विमानांची भीषण टक्कर झाली तो विमानतळ ला लागूनाजवळचाच. त्या दिवशी धावपट्टीवर ढग उतरला होता.

म्हणून आकडे कोणत्या वेधशाळेचे आहेत हे आधी बघा. बहुतेकदा ते विमानतळावरचे असतात आणि विमानतळ तुमच्या घरापासून बराच दूर, वेगळ्या उंचीवर असू शकतो. माझी सवय अशी: ज्या वस्तीत राहायचं तिथल्या थेट कॅमेऱ्याचं चित्र वाईट महिन्यात रोज सकाळ-दुपार उघडून बघायचं. प्रत्यक्ष गेल्यावर झाडं कोणत्या बाजूला कलली आहेत ते बघायचं. वारा तिथे कायमचा राहतो की नाही ते झाडं सांगतात.

थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका अशा चुका

वारा न मोजणं. वेलिंग्टनचं तापमान कागदावर सौम्यच आहे, पण कुक सामुद्रधुनीचा वारा तिथे छत्री टिकू देत नाही. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा मिस्त्राल आणि स्पेनमधल्या तारीफाजवळचा लेव्हान्ते हे वारेही तसेच.

उजेडाचा हिशेब न करणं. एडिंबरात हिवाळ्याच्या ऐन मध्यावर दिवस जेमतेम सात तासांचा असतो. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्तापासून फक्त 12 अंशांवर आहे, तिथे पाऊस जवळपास पडत नाही आणि थंडीही बेताची. तरी हम्बोल्ट या सागरी प्रवाहाच्या गार पाण्यामुळे जून ते सप्टेंबर आकाश राखाडी असतं आणि कपडे वाळता वाळत नाहीत. ज्यांचं मन उजेडाविना खचतं त्यांनी पाऊस बघण्याआधी उन्हाचे तास बघावेत.

पाणी गृहीत धरणं. केपटाउनची हवा हेवा वाटावी अशी, आणि 2018 मध्ये त्याच शहरावर नळ बंद करण्याची वेळ जवळजवळ येऊन ठेपली होती.

जंगलाला खेटून घर घेणं. भूमध्य हवामानात कोरडा उन्हाळा आणि वणवा बरोबरच येतात.

मागच्या तीस वर्षांना भविष्य समजणं

हवामानाच्या तक्त्यात दिसणारे ‘सामान्य’ आकडे तीस वर्षांची सरासरी असतात. सध्या 1991 ते 2020 या काळाची. तुम्हाला राहायचंय पुढच्या तीस वर्षांत. कॅनडाचा पश्चिम किनारा, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा किनारा, सौम्य उन्हाळ्यासाठी ओळखला जायचा. 29 जून 2021 रोजी त्याच प्रांतात, किनाऱ्यापासून आत असलेल्या लिटन या गावात 49.6 अंशांची नोंद झाली. त्या उष्णतेच्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक घरातच गेली, कारण घरं थंड करण्याची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी 19 जुलैला इंग्लंडमधल्या कोनिंग्सबीत 40.3 अंश नोंदले गेले. म्हणून ‘इथे एसी कुणीच लावत नाही’ हे वाक्य मला दिलासा देत नाही. निदान एक खोली थंड करता येईल का, बाहेरून बंद होणारी झडपं खिडक्यांना आहेत का, भाड्याच्या घरात यंत्र बसवायला परवानगी आहे का, हे मी करारापूर्वी लेखी विचारते.

आधी विकत घेणं, मग राहून बघणं

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. हट्ट कितीही असो, घेऊ नका. आधी वाईट महिन्यात निदान तीन-चार आठवडे राहून या. हॉटेलात नको, साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहा, स्वतः कपडे वाळत घाला, पहाटे उठून खोलीतलं तापमान बघा. युरोपातल्या एकच व्हिसा चालणाऱ्या शेंगेन देशांत व्हिसाशिवाय किंवा अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, तेव्हा ते दिवस मे-जूनमध्ये उधळू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. जिथे उन्हाळा कडक असतो तिथे जुलै-ऑगस्ट निवडा. बऱ्याच देशांत वर्षात 183 दिवसांहून जास्त राहिलं की करदाता ठरण्याचा प्रश्न येतो, त्यामुळे लांबच्या मुक्कामाआधी दोन्ही देशांचे करनियम जाणणाऱ्या माणसाशी बोला. आणि पहिला भाडेकरार सहा महिन्यांचा, वाईट मोसम सुरू होण्याच्या महिनाभर आधीपासूनचा करा, म्हणजे घराचे दोष कळतील तेव्हा बाहेर पडायची तारीखही जवळ आलेली असेल.